धातुशोधक यंत्र आणि कृष्णाकाठची माती

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे गाव विरळाच, की जिथल्या एखाद्या पडक्या वाड्याच्या जोत्याखाली, ओसाड गढीच्या बुरुजात किंवा शिवेवरच्या जुन्या पिंपळाच्या बुडाशी मोहरांचा हंडा पुरलेला आहे, अशी वदंता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नाही. या वदंतेला इतिहासाचा आधार अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाच्या फौजांनी अजिंक्यताऱ्याला वेढा घातला आणि 1700 च्या एप्रिलात तो गड त्यांच्या हाती पडला, त्या काळात गडाखालच्या पंचक्रोशीतल्या रयतेने आपली चीजवस्त कुठे ठेवली असेल, याचा विचार केला की जमिनीखेरीज दुसरी जागा डोळ्यांपुढे येत नाही. पेढी दूर, पहारा महाग, आणि फौज शत्रूची असो वा स्वकीयांची, तिच्या वाटेवर आलेले घर उघडे पडणारच. अशा वेळी चुलीमागे किंवा गोठ्यात खड्डा घेऊन चार नाणी आणि दोन दागिने मातीच्या हवाली करणे हा कुणबी-सावकारांचा नित्याचा व्यवहार होता. पुरणारा परत आला तर ठीक, न आला तर तो ठेवा मातीचाच झाला.

परंतु या ठेव्याच्या शोधापायी आपल्या समाजाने जे प्रकार केले, ते आठवले की मन विषण्ण होते. पायाळू माणसाला भूमिगत द्रव्य दिसते, काजळाचे अंजन डोळ्यांत घातले की हंडा कुठे आहे ते कळते, त्या हंड्यावर नाग बसलेला असतो आणि त्याला बळी दिल्यावाचून तो हलत नाही, अशा समजुतींनी मांत्रिकांचे उखळ पांढरे झाले आणि भोळ्या माणसांची घरे धुळीस मिळाली. कित्येकदा निरपराध मुलांचे जीवही गेले. ज्यांनी या प्रकारांविरुद्ध उभे आयुष्य वेचले, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा पाण्याचा साठा शोधण्याच्या निमित्ताने केलेले अघोरी कृत्य या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून नमूद आहे. ज्या जिल्ह्यातून हा विवेकाचा आवाज उठला, त्याच जिल्ह्याच्या मातीवर भूमिगत धातू शोधणारे एक निखळ भौतिक यंत्र चालवून पाहण्याची संधी मला मिळाली, तेव्हा त्या यंत्राचा परिचय वाचकांना सविस्तर करून द्यावा असे मनापासून वाटले.

हे यंत्र अलीकडचे वाटले, तरी त्याचे कूळ जुने आहे. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने 1879 मध्ये विद्युत्‌प्रवर्तनाचा तोल साधणारे एक उपकरण सिद्ध केले. पुढे 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या शरीरात रुतलेली गोळी हुडकण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने त्याच तत्त्वावर एक यंत्र घाईघाईने तयार केले. यंत्र सदोष नव्हते. पण रुग्णाच्या बिछान्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शरीराच्या एकाच बाजूस तपास करू दिला, त्यामुळे गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरात अध्यक्षांचे देहावसान झाले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसाट्स्की या पोलिश लेफ्टनंटाने स्कॉटलंडमध्ये असताना भूसुरुंग शोधणारे, एका माणसाला हाती धरून चालविता येईल असे यंत्र रचले. 1942 च्या अल्‌ अलामीनच्या लढाईत अशी पाचशे यंत्रे वाळवंटात उतरली, आणि जिथे तासाला शंभर चौरस मीटर जमीन निर्धोक होत होती तिथे दोनशे होऊ लागली. आज देवळाच्या दाराशी पोलीस शिपाई जी दांडी आपल्या अंगावरून फिरवतो, ती याच वंशातली.

यंत्राची रचना सांगायला सोपी आहे. लांब दांड्याच्या खालच्या टोकाला एक चपटी तबकडी, वरच्या टोकाला कोपर टेकवण्याची खोबण, मुठीजवळ एक छोटा पडदा, आणि कानांना लावण्याचा हेडफोन. तबकडीच्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो, त्यामुळे तबकडीखाली चुंबकीय क्षेत्राची सतत उलथापालथ चालू राहते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात आवर्त प्रवाह उमटतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र उभे राहते, आणि दुसरे वेटोळे ते टिपते. पहिल्या हालचालीनंतर हे उत्तर किती रेंगाळून येते, यावरून धातूच्या जातीचा अंदाज बांधता येतो. चांदी आणि तांबे चांगले वाहक, म्हणून त्यांचे उत्तर एका तऱ्हेचे. लोखंड स्वतःच चुंबकाला भुलणारे, म्हणून त्याचे दुसऱ्या तऱ्हेचे. हा अंदाज पडद्यावर एका आकड्याने आणि कानात स्वराच्या चढउताराने व्यक्त होतो. खोलीची मर्यादा मात्र कडक आहे. रुपयाएवढे नाणे वीतभर खोलीपर्यंत सापडेल, फार तर थोडे अधिक. कारण क्षेत्र खाली जाताना झपाट्याने विरळ होते आणि परतीचे उत्तरही तितक्याच झपाट्याने मंदावते. पुरुषभर खोल पुरलेला हंडा हे यंत्र दाखवील, असे जो सांगतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा ठग आहे.

माझे एक स्नेही अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन करतात; त्यांच्याकडे हे यंत्र नव्यानेच आले होते. कोरेगाव तालुक्यातल्या आबा नावाच्या एका शेतकऱ्याने आपल्या शेतात ते चालवून पाहण्याची मुभा दिली, आणि त्याला एक निमित्तही होते. भांगलणीच्या वेळी त्याच्या सुनेच्या पायातले चांदीचे जोडवे सरीत कुठेतरी गळून पडले होते, ते हुडकायचे होते. जवळपास किल्ला, लेणे किंवा जुने देऊळ नाही, याची खातरजमा आम्ही आधीच करून घेतली होती. आबांनी यंत्र निरखून पाहिले आणि विचारले, "सायेब, ह्येला सोनं कळतंय का?" माझे स्नेही म्हणाले, "आबा, याला धातू तेवढा कळतो. सोनं की पत्रा, ते खणल्यावर आपणच बघायचं." या उत्तराने आबांचे समाधान झालेले दिसले.

शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. तिथे यंत्र सुरू करताच ते अखंड किणकिणू लागले; तबकडी हलवावी तिकडे स्वर, जणू सारा माळ धातूनेच भरला आहे. याचे कारण सह्याद्रीच्या जन्मातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला, आणि त्याच्या अंगात लोहाचे चुंबकीय खनिज कणाकणाने विखुरलेले आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर तर हा पाषाण झिजून लोहाने माखलेला तांबडा जांभा झाला आहे, तिथे यंत्राची परीक्षा आणखी कठीण व्हावी. इंग्लंडातल्या खडूच्या जमिनीवर किंवा समुद्रकाठच्या कोरड्या वाळूत जे यंत्र निमूट चालते, ते दख्खनच्या दगडावर भांबावते. यावर उपाय यंत्रातच योजलेला आहे. धातू नसलेल्या जागेवर तबकडी वर-खाली करीत राहायचे, म्हणजे ती माती कोणत्या तऱ्हेचे उत्तर देते ते यंत्र लक्षात ठेवते आणि तेवढे उत्तर पुढे वजा करते. माळावर हा तोल दर वीस पावलांवर नव्याने साधावा लागला. खालच्या काळ्या रानात, जिथे माती एकसारखी मऊ आणि खोल होती, तो एकदा साधला तो बराच वेळ टिकला. पुढे वाळवा तालुक्यात कृष्णेच्या गाळाच्या मळीवर तेच यंत्र नेले, तेव्हा त्याचा स्वर आणखी शांत होता. मात्र तिथे उसाच्या फडातली विजेची मोटार सुरू झाली की कानात वेगळाच गलबला उठे, आणि ती बंद होईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

काळ्या रानात आम्हांला पहिल्याप्रथम मिळाली ती बैलाच्या खुराची पत्री. अर्धचंद्राकार, गंजून पापुद्रे सुटलेली, एका भोकात खिळ्याचे डोके अजून अडकलेले. आबांनी ती हातात घेऊन अंगठ्याने माती पुसली आणि हा बैल मोटेवरचा असावा की गाडीचा, यावर आपले मत दिले. पत्रीची झीज एकाच कडेला अधिक होती, म्हणून गाडीचा, असे त्यांचे म्हणणे पडले. मग कुळवाच्या फासेचा तुकडा मिळाला, मग गुटख्याच्या पुड्यांची पन्नी, पुष्कळ पन्नी. सोन्याच्या लहान दागिन्याचा आणि अशा पन्नीचा आकडा पडद्यावर जवळजवळ एकच येतो, त्यामुळे ज्याला बारीक सोने शोधायचे आहे त्याला पन्नी खणल्यावाचून सुटका नाही. यंत्राचा हा गुण-दोष सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

जोडवे सापडले ते बांधापासून चौथ्या सरीत, दोन बोटे मातीखाली. त्याने दिलेला आकडा चांदीच्या मानाने फार खालचा होता. स्नेह्यांनी ते बोटात धरून कारण दाखवले: पायाच्या बोटात बसवता यावे म्हणून जोडव्याची दोन टोके जुळवलेली नव्हती, आणि वर्तुळ असे उघडे असले की आवर्त प्रवाहाला पुरा फेरा मिळत नाही, म्हणून उत्तर क्षीण येते. धातू तोच, वजन तेच, पण टोके जुळलेली नसली की यंत्राला ती निराळी वस्तू भासते. नुसत्या आकड्यावर विसंबून राहिलो असतो, तर ते जोडवे मातीतच राहिले असते. सुनेने ते धुऊन लगेच पायात घातले.

परंतु हे यंत्र ज्याच्या हाती येते त्याचे डोळे शेताकडून गडाकडे वळतात, आणि इथेच मला अत्यंत कळकळीने काही सांगायचे आहे. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूचे खरे मोल तिच्या धातूत नसून तिच्या जागेत असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पाडाव केल्याचा इतका बोलका पुरावा महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात क्वचितच मिळेल. पण तो बोलका झाला तो नाणी एकत्र राहिली म्हणून. तीच नाणी सराफाच्या मुशीत गेली असती, तर काही शेर चांदीपलीकडे काय उरले असते? 1974 मध्ये दायमाबादला झुडपाची मुळे खणताना एका भिल्ल माणसाला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशी काशाची चार शिल्पे मिळाली, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. ती आज संग्रहालयांत आहेत म्हणून आपल्याला पाहता येतात.

आपल्या गावगाड्यातली काळी-पांढरीची व्यवस्थाही इथे ध्यानात घ्यावी. वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी. जुन्या ओसाड पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून काळीत टाकण्याची रीत होती, आणि त्या मातीबरोबर खापरे, मणी, नाणीही रानात गेली. तेव्हा उसाच्या सरीत शिवराई मिळाली म्हणजे तिथे लढाई झाली किंवा खजिना पुरला, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. ती कोणत्या मातीबरोबर आली, याचा तपास आधी झाला पाहिजे, आणि तो तपास नाणे उपटून खिशात घालणाऱ्याला करता येत नाही.

कायदाही सुस्पष्ट आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू मिळाली, तर शोधणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवली पाहिजे, आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा केली पाहिजे किंवा जामीन दिला पाहिजे. मग जाहीरनामा निघतो, हक्कदारांना मुदत मिळते, आणि निधी बेवारस ठरल्यास, दुसरा करार नसेल तर, तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला जातो. शासनाला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते घेऊ शकते. कळवले नाही तर हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. संरक्षित गड, लेणी आणि देवळे यांच्या आवारात तर परवानगीवाचून खणणे हाच गुन्हा आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा मला न्याय्य वाटतो. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचे त्यात नुकसान होत नाही.

म्हणून सातारा-सांगलीच्या तरुणांना माझी विनंती आहे. हे यंत्र जरूर शिका, आपल्या वा परवानगी दिलेल्या शेतात चालवा, शेजाऱ्याची हरवलेली अंगठी शोधून द्या. पण त्याला घेऊन गडावर जाऊ नका. आणि नांगरताना किंवा खणताना जुने नाणे हाती लागलेच, तर ते चिंचेने वा राखेने घासू नका, कारण त्याने अक्षरे जातात. मिळाले त्या जागेचे छायाचित्र काढा, खोली वितीत मोजून लिहून ठेवा, आणि तलाठ्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी वर्दी द्या.