आघाडा नेमकं काय उतरवतो?
पाला, मुळी आणि मंत्र : लेखांक सातवा

पनवेलहून रोह्याला जाणाऱ्या लोहमार्गावर पेणच्या पुढे आणि नागोठण्याच्या अलीकडे कासू लागतं. पश्चिमेकडे धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेलं खारेपाट, पूर्वेकडे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी असे चार तऱ्हांचे लोक या पट्ट्यात एकाच पावसावर जगतात आणि एकाच पाल्याला हात घालतात. त्यातला सगळ्यात स्वस्त पाला म्हणजे आघाडा. तो कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही. आषाढात बांधावर, रुळांच्या कडेच्या खडीत, कुलूप लागलेल्या घराच्या ओट्याखाली तो आपसूक वाढतो. धोतराला, परकराला, कुत्र्याच्या शेपटीला चिकटून गावभर फिरतो.

गेल्या लेखांकात आपण तुळस, बेल, दूर्वा ही देवघरातली मंडळी पाहिली. त्यांच्याबद्दल कुणाला भीती नसते. आज ज्यांच्याबद्दल लोक आवाज खाली आणून बोलतात, त्यांच्याकडे वळू.

आघाडा दोन्हीकडचा. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या चित्राला आघाडा-दूर्वांची माळ पडते, कारण जिवती लेकरं राखते. भाद्रपदात गणपतीच्या पत्रींत तो ‘अपामार्ग’ या भारदस्त नावानं बसतो. लगेच दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बायका त्याच्याच काड्यांनी दात घासतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे जुन्या घरांत अभ्यंगस्नान चालू असताना आघाड्याची डहाळी डोक्यावरून ओवाळतात आणि मग दारात डाव्या अंगठ्याखाली कारीट फुटतं. एवढं सगळं होईपर्यंत बांधावरचा आघाडा वाळलेला असतो. बरोबर पावसाचे आणि पावसानंतरचे महिने, म्हणजे ताप, जुलाब, साप आणि विंचू यांचा हंगाम.

ही ओवाळणी आजची नाही. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात सतरा ते एकोणीस अशी सलग तीन सूक्तं एकट्या आघाड्याला उद्देशून आहेत. कुणी केलेली करणी, दिलेला शाप, वाईट स्वप्न, उपासमार, हे सगळं पुसून टाक आणि ज्यानं पाठवलं त्याच्यावर उलटव, असं साकडं त्यात घातलेलं आहे. हे काम आघाड्यालाच का दिलं? त्याचा तुरा हातात घेऊन पाहा. वरच्या टोकाच्या कळ्या सरळ उभ्या असतात. फूल उमलून फळ धरू लागलं की तेच फळ मान मोडून देठाकडे, खाली वळतं आणि त्याच्या अणकुचीदार पाकळ्या जमिनीकडे रोखल्या जातात. तुऱ्यावरून वरून खाली बोट फिरवलं तर ते सहज घसरतं, खालून वर नेलं तर टोचतं. त्या सूक्तांच्या कर्त्यानं हे बघितलेलं आहे. तो आघाड्याला उलट्या फळांचा म्हणतो. उलट्या फळांचं झाड उलटवण्याच्या कामाला. जगभरच्या झाडपाल्याच्या जादूची निम्मी रीत या एका निरीक्षणात आली.

उरलेली निम्मी रीत म्हणजे झाड तोडण्याचे नियम, आणि युरोपातही ते असेच.  रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की गॉल प्रांतातले ड्रुइड पुरोहित ओक वृक्षावरचं बांडगूळ चंद्राच्या सहाव्या दिवशी सोन्याच्या विळ्यानं कापत आणि ते जमिनीला लागू न देता पांढऱ्या कापडात झेलत. दुसऱ्या एका औषधीला लोखंड लावायचं नाही, पांढरे कपडे घालून, अनवाणी, आधी भाकरी आणि मद्य ठेवून मगच ती घ्यायची, असा नियम तो सांगतो. आता आपल्याकडचं ऐका. शनिवारी संध्याकाळी झाडाजवळ जायचं, हळद-कुंकू, तांदूळ, सुपारी ठेवून उद्याचं आवतण द्यायचं. रविवारी उजाडायच्या आत, वाटेत कुणाशी न बोलता, आपली सावली झाडावर पडू न देता मुळी काढायची. लोखंड लावायचं नाही. रविवारी पुष्य नक्षत्र आलं तर दुधात साखर. काढून आणल्यावर नाव सांगायचं नाही; नाव सांगितलं की गुण जातो. मद्याच्या जागी सुपारी आली एवढाच काय तो फरक.

या नियमांना हसणारे खूप आहेत. त्यांना एक यादी दाखवावीशी वाटते. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात ‘उपविष’ म्हणून सात वनस्पती सांगितल्या आहेत : निवडुंग, रुई, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा. यांतली अफू सोडली तर उरलेल्या सहाही कोकणात सापडतात, आणि सहांपैकी प्रत्येकीला एखादा देव, एखादं भूत किंवा एखादा विधिनिषेध चिकटलेला आहे. रुई मारुतीच्या गळ्यात, धोत्रा शंकराच्या पिंडीवर, गुंज लेकराच्या मनगटात, निवडुंग दारावर टांगलेला. बिब्बा या यादीत नाही, पण त्याचं तेल अंगाला लागलं तर फोड उठतात. तो शनिवारी लिंबू-मिरचीच्या सोबतीनं महामार्गावरच्या ट्रकच्या बंपरला लोंबतो. उलट ज्या पाल्यात धोका नाही त्याला मंत्रही नाही. भारंगी, कुर्डू, टाकळा यांना कोण आवतण देतो? विळा घ्यावा आणि खुडावा.

माझं म्हणणं एवढंच की मंत्र हे बहुतेक वेळा विषाभोवती घातलेलं कुंपण होतं. सर्वांनी हात लावू नये, लहान मुलानं तोडू नये, जाणत्यानंच आणावं, थोडंच आणावं. हे सांगायला वेताळ-चेड्याची भीती शाळेतल्या सूचनाफलकापेक्षा जास्त कामी येते.

कळलावीकडे बघा. ऑगस्टमध्ये डोंगराच्या उतारावर करवंदीच्या जाळीवर चढलेली दिसेल. पानाचं टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या फांदीला विळखा घालतं. वेगळा तणावा नाही, पानच हात बनतं. फुलाच्या सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल, कडा चुण्या पडलेल्या. याच फुलांना कोकणात ‘गौरीचे हात’ म्हणतात आणि तेरड्याच्या गौरीला ती वाहतात. आणि याच वेलीबद्दल ठाम समजूत अशी की ती घरात आणली, कुणाच्या आढ्यात खोचली, तर त्या घरात भांडणं लागतात. गौरीच्या सणाला चालते, एरवी उंबरठ्याबाहेर.

तिचा कंद खणून पाहिला तर या समजुतीचा उगम कळतो, असं मला वाटतं. तो नांगरासारखा दुबेळका, पांढरट, मांसल, चांगला दिसणारा असतो. रायगडात कंद खाण्याची सवय जुनी आहे. दिवाळीच्या सुमारास बाजारात करांदे, कोनफळं येतात, आणि कातकरी माणूस काठीनं रानातला कंद उकरण्यात तरबेज. अशा मुलखात रताळ्यासारखा दिसणारा, पण कोल्चिसिननं भरलेला कंद घरात आला तर काय होईल? कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव निकामी, आणि त्याला खास असा उतारा नाही. चुकून हा कंद खाल्ल्यानं माणसं मेल्याच्या नोंदी भारतात आणि श्रीलंकेत आहेत. याच कोल्चिसिनची अगदी कमी मात्रा आधुनिक डॉक्टर गाउट या सांधेदुखीवर देतात. तामिळनाडूनं या फुलाला राज्यपुष्प केलंय, आणि बियांसाठी तिथं तिची शेती होते.

बाळंतपण अडलं की कळलावीची मुळी बाईच्या हाताला किंवा केसांत बांधायची, बाळ आलं की क्षणात सोडायची, अशी सुईणींची रीत होती. ‘क्षणात सोडायची’ यावर सगळा भर. मुळी बाहेरून बांधल्यानं कळा वाढत नाहीत. पण हे झाड गर्भाशी आणि मरणाशी संबंध असलेलं आहे, त्याच्याशी जास्त वेळ सलगी नको, ही जाण त्या भरात शिल्लक आहे. संस्कृत निघंटूंनी तिला गर्भपातिनी म्हटलं ते उगाच नाही.

याच्या उलट शेवळं. पहिल्या पावसाच्या सुमारास पेणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीबरोबर काकडाची हिरवी, आंबट फळं असतातच. नवखं गिऱ्हाईक नुसती शेवळं उचलायला लागलं तर मावशी हात धरतात : “काकडं घ्या ओ ताई, नायतर घसा खाजंल.” शेवळांतली खाज काकडाच्या आंबट रसानं मारायची, हे पक्कं पाकशास्त्र आहे. यात ना शनिवार, ना सावली, ना गुपित. पोटात रोज जाणारं ज्ञान उघड्यावर ठेवलं गेलं आणि जीव घेणारं झाकून. झाकलेलं मात्र सांगणाऱ्याबरोबर संपत गेलं.

ते टिपायचा एक मोठा प्रयत्न इंग्रजी अमदानीत झाला. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवली. हा तोच जॅक्सन, ज्याला अनंत कान्हेरे यांनी डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात गोळ्या घातल्या. त्याच्या कागदांवरून एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं कोकणचा भाग १९१५ साली छापला. त्यात तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आपला आजचा रायगड जिल्हाही आहे. भुतंखेतं, दृष्ट, उतारे, सगळं सापडतं. माहिती देणारा म्हणून नोंद मात्र अमुक गावच्या शाळामास्तराची. ज्या म्हातारीकडून त्यानं ऐकलं, तिचा पत्ता नाही. आजही झाडपाल्याच्या पुस्तकांवर नावं छापली जातात ती लिहिणाऱ्यांची. रान दाखवणाऱ्याची क्वचितच.

आता मूळ प्रश्न. आघाडा सर्वात जास्त कशासाठी ओळखला जातो? विंचू उतरवण्यासाठी. आघाड्याची मुळी हातात धरून दंशाच्या वरच्या बाजूपासून खाली फिरवत आणायची, मंत्र पुटपुटायचा आणि ‘आता कुठवर आलं?’ असं विचारत राहायचं. खांद्यातली कळ कोपरात येते, कोपरातली मनगटात, शेवटी नांगीच्या जागी. उतरवणारा बहुतेकदा पैसे घेत नाही, घेतले तर गुण जातो. लबाड असा तो नसतो. आणि गुण येतो तो का? कारण बहुसंख्य विंचूदंश जिवावरचे नसतातच. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाची नुसती आग होते आणि काही तासांत ती आपोआप शमते. तोवर कुणीतरी हात धरून बसलंय, याचाही उपयोग होतोच.

घात करतो तो लहानखुरा लाल विंचू. तो कोकणात भरपूर आहे. याची कहाणी रायगडातच घडली. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत फुप्फुसात पाणी होऊन जात होती. त्यांनी रात्र-रात्र खाटेशी बसून लक्षणं टिपली : उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, मग हृदयावर ताण. १९८२ मध्ये त्यांचं हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. पूर्वी पश्चिम भारतातल्या गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आघाड्याची मुळी इथं नुसती निरुपयोगी नाही, घातक ठरते. दुखणं खाली आलं म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी रोगी घामानं भिजून गार पडत असतो. वेदना कमी होणं आणि विष उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो वेळ मुळीत गेला तो गोळीला मिळत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट आहे : साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. झाडाला मनाई नाही, अडवण्याला आहे.

आघाड्याची खरी ताकद कुठे आहे, तेही सांगायला हवं. तो जाळून केलेल्या राखेतून क्षार काढतात. भगंदरावर वापरायच्या क्षारसूत्रात दोऱ्यावर एकूण एकवीस लेप चढवतात : अकरा निवडुंगाच्या चिकाचे, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. हा दोरा हळूहळू भगंदर कापत, भरून आणत जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याची चाचणी घेतली आहे आणि सरकारी आयुर्वेद रुग्णालयांत तो आज वापरला जातो. जिवतीच्या माळेतला आघाडा, दारावर टांगलेला निवडुंग आणि दृष्ट काढायची हळद, तिघंही एका दोऱ्यावर, आणि त्यांना कुणी आवतण दिलेलं नाही.

तेव्हा जिवतीला माळ जरूर घाला, गौरीला कळलावीचे हात जरूर वाहा. फक्त कंद उपटू नका आणि हाताळल्यावर हात धुवा. विंचू किंवा साप चावला तर मात्र कुणाचीही मुळी न शोधता १०८ क्रमांक फिरवा किंवा मिळेल त्या वाहनानं जवळचं सरकारी आरोग्य केंद्र गाठा. तुमच्या वाडीत आघाड्याचा किंवा कळलावीचा आणखी काही वापर असेल तर कळवा. कुणाकडून ऐकलंत त्या आजीचं नाव, तिची परवानगी घेऊन, सोबत लिहा. पुढच्या लेखांकात निर्गुडी आणि बाळंतिणीच्या खोलीतला धूर.