नाताळचें झाड : मळ्यांतलें कीं कारखान्यांतलें?

डिसेंबर महिना लागला म्हणजे अमेरिका व युरोप या खंडांतील ख्रिस्ती घरांत दरसाल एक प्रश्न निघतो. नाताळाकरितां दिवाणखान्यांत जें सूचिपर्णी झाड उभें करून दिव्यांनीं व माळांनीं सजवितात, तें तोडलेलें खरें आणावें, कीं प्लास्टिकचें एकदांच घेऊन दरवर्षीं पेटींतून काढावें? पूर्वीं हा प्रश्न खर्चाचा व सोयीचा असे. अलीकडे तो सृष्टीच्या हिताचा झाला आहे. आणि झाडावर घाव घालणें हें पाप कीं प्लास्टिक घरांत आणणें हें पाप, असा वाद तिकडील वर्तमानपत्रांत दर नाताळास होतो. आमच्या वाचकांस या वादाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या वादांत ज्याचें नांव क्वचितच निघतें तो एक शेतकरी आहे, आणि त्याचें पीक काढणीस येण्यास आठ-दहा वर्षें लागतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हीं झाडें जंगलें तोडून आणतात असें पुष्कळांस वाटतें. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं तें बव्हंशीं खरें होतें. हल्लीं तसें नाहीं. अमेरिकेंत दर नाताळास सुमारें २.५ ते ३ कोटी खरीं झाडें विकलीं जातात, व तीं जवळजवळ सर्व लावलेल्या मळ्यांतलीं असतात. या मळ्यांत कोणत्याहि वेळीं ३५ कोटींच्या आसपास झाडें उभीं असतात, असें तेथील उत्पादकांचा संघ सांगतो. म्हणजे बारा ते चौदा झाडांमागें एक तोडलें जातें, त्याच्या जागीं नवें रोप लागतें, व बाकीचीं वाढत राहतात. आपल्याकडे ऊस तोडला म्हणून रान उजाड केलें असें कोणी म्हणत नाहीं.

या पिकाचीं अमेरिकेंतील दोन मोठीं ठाणीं म्हणजे पश्चिमेस ऑरेगन व पूर्वेस नॉर्थ कॅरोलायना. नॉर्थ कॅरोलायनांतील डोंगराळ मुलखांत जें झाड लावतात त्यास फ्रेझर फर म्हणतात. हें मूळचें अपॅलाशियन पर्वताच्या दक्षिण भागांतील थोड्याशा उंच शिखरांवरचें. त्या शिखरांवरील रानटी झाडांस युरोपांतून आलेल्या एका किडीनें ग्रासलें. उसावरील लोकरी मावा आमच्या वाचकांनीं पाहिला आहेच. ही कीड त्याचीच दूरची भाऊबंद होय. १९५७ सालीं माउंट मिचेल या शिखरावर ती प्रथम आढळली, आणि पुढें तेथील जुनीं झाडें मोठ्या प्रमाणांत वाळून गेलीं. रानांत जें झाड असें संकटांत आलें, तेंच शेतकऱ्याच्या बांधाआड कोट्यवधि संख्येनें उभें आहे, ही गोष्ट झाडें तोडण्याविरुद्ध बोलणारांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

लागवडीची रीत आपल्या फळबागवाल्यांस परकी वाटणार नाहीं. रोप तीन ते पांच वर्षें वाफ्यांत व रोपवाटिकेंत वाढवितात. नंतर पांच फुटांच्या अंतरानें तें शेतांत लावतात. तेव्हां एकरीं सुमारें १,७०० रोपें बसतात. पुढें सात ते दहा वर्षें दर उन्हाळ्यांत प्रत्येक झाडाभोंवतीं फिरून लांब पात्याच्या सुऱ्यानें त्याची छाटणी करावयाची, कारण गिऱ्हाइकास शंकूसारखें नेटकें झाड हवें असतें व निसर्गतः तें तसें वाढेलच असें नाहीं. सहा-सात फूट उंची झाली कीं बुंध्याशीं एकच काप, आणि बारा-तेरा वर्षांचा हिशेब त्या दिवशीं मिटतो.

रोगहि आपल्या ओळखीचा आहे. विदर्भांतील संत्र्यास ज्यापासून डिंक्या होतो त्या फायटोफ्थोराच्याच वंशांतील बुरशी फ्रेझर फरच्या मुळ्या कुजविते. एकदां ती एखाद्या तुकड्यांत शिरली कीं त्या जमिनींत हें झाड पुन्हा धड येत नाहीं. म्हणून आतां जपानांतील मोमी फर किंवा तुर्कस्तानांतील फर यांच्या खुंटावर फ्रेझरचें कलम बांधून पाहतात. किडीकरितां फवारे मारावे लागतात, तणाकरितां औषधें लागतात, आणि डोंगरउतारावर उघडी माती वाहून जाते ती वेगळीच. या बाबतींत तेथील शेतकऱ्यांनीं कांहीं सुधारणा केली आहे. ओळींमधील जमीन तणनाशकानें स्वच्छ भाजून काढण्याऐवजीं तींत पांढरें क्लोव्हर हें द्विदल गवत राखतात. तें मातीस धरून ठेवतें, नत्र देतें, व दुसरें तण माजूं देत नाहीं. तथापि खऱ्या झाडाची बाजू अगदीं निष्कलंक आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. युरोपांत जें नॉर्डमन फर लोकप्रिय आहे व जें डेन्मार्क देश लाखोंनीं निर्यात करतो, त्याचें बीं मुख्यतः जॉर्जिया देशांतील राचा या डोंगरी प्रांतांतून येतें. तेथील मजूर शंभर फुटांच्या झाडांवर शेंड्यापर्यंत चढून शंकु काढतात, आणि त्यांची मजुरी व सुरक्षितता यांविषयीं तक्रारी झालेल्या आहेत.

आतां दुसरी बाजू. कृत्रिम झाडाची कल्पना नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत झाडांची फार तोड होते म्हणून हंसाचीं पिसें हिरवीं रंगवून तारेस गुंडाळीत व त्यांचें झाड करीत. १९३० नंतरच्या दशकांत ब्रश करणाऱ्या एका कारखान्यानें ब्रशाच्याच केसांचीं झाडें काढलीं. हल्लींचें झाड पी. व्ही. सी. नांवाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पोलादी तारेंत पिळून केलेलें असतें, व बहुतेक सर्व माल चीन देशांत तयार होऊन जहाजानें येतो. तार व प्लास्टिक एकमेकांत अशीं गुंतलेलीं असतात कीं, तीं पुन्हा वेगळीं करून वितळविण्याच्या फंदांत कोणी पडत नाहीं. झाड मोडलें कीं तें कचऱ्याच्या खड्ड्यांत जातें व तेथें पिढ्यान् पिढ्या तसेंच राहतें.

मग यांतील कमी अपायकारक कोणतें? आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें आंकडा दिसला कीं तो कोणाच्या सहीचा आहे हें आधीं पाहण्याची आम्हांस खोड आहे. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील एका सल्लागार संस्थेनें २००९ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, कृत्रिम झाड सुमारें २० वर्षें वापरलें तरच तें खऱ्यापेक्षां सरस ठरेल. उलट २०१८ सालीं प्रसिद्ध झालेली एक पाहणी म्हणते कीं, ५ वर्षें पुरेत. ही दुसरी पाहणी कृत्रिम झाडांच्या व्यापाराशीं संबंध असलेल्या संस्थेनें करविली होती. ज्याचें शेत त्यानेंच पंचनामा लिहिला तर त्यास खोटा म्हणतां येत नाहीं, परंतु चार साक्षीदार जास्त विचारावे लागतात.

इतकी तफावत कां पडते तें ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या आंकड्यांवरून चांगलें उमगतें. हवा तापविणारे सर्व वायु कर्बवायूच्या तोलांत मोजले, तर सहा-साडेसहा फुटांच्या कृत्रिम झाडामागें सुमारें ४० किलो पडतात. तेवढेंच खरें झाड नाताळानंतर दळून भुसा केलें किंवा शेकोटींत जाळलें तर सुमारें ३.५ किलो, पण तेंच कचऱ्याच्या ढिगाखालीं पुरलें तर १६ किलो. वाचकांस वाटेल कीं जाळण्यानें अधिक अपाय व्हावा. परंतु जळतांना जो कर्बवायु निघतो तो झाडानें वाढतांना हवेंतूनच घेतलेला असतो. खड्ड्यांत मात्र वारा न लागतां तें कुजतें आणि मिथेन सोडतें, व हा वायु तापविण्यांत कर्बवायूहून पुष्कळ पटींनीं जहाल आहे.

आतां साधा भागाकार करावा. ४० ला ३.५ नें भागलें तर साडेअकरा येतात. म्हणजे शेजारी जर झाड दळावयास देत असेल, तर आपलें प्लास्टिकचें झाड बारा नाताळ टिकविलें पाहिजे. पण शेजारी जर तें कचऱ्यांत टाकीत असेल, तर ४० ला १६ नें भागून अडीच येतात. तिसऱ्या वर्षींच कृत्रिम झाडाची बाजू वर होते. म्हणजे निकाल झाडावर नसून झाडाच्या उत्तरक्रियेवर आहे. यांत मोटारीचा फेरा धरला नाहीं. एक झाड आणावयास कुटुंबानें मोटारींतून शंभर मैल जाऊन यावें आणि मग पर्यावरणाच्या गोष्टी सांगाव्या, हें आम्हांस हास्यास्पद वाटतें.

ही उत्तरक्रिया कांहीं गांवांनीं चांगली बसविली आहे. न्यूयॉर्क शहरांत जानेवारींत झाडें गोळा करून त्यांचा भुसा करतात व तो बागांतून पसरतात. इंग्लंडांत लँकेशायरच्या किनाऱ्यावर लिदम सेंट ॲन्स येथें जुनीं झाडें वाळूंत ओळीनें पुरतात. वाऱ्यानें उडणारी वाळू त्यांस अडते, टेकड्या वाढतात, व समुद्रास आवर बसतो.

परंतु या सर्व किलोंच्या हिशेबांत एक रकाना रिकामाच राहतो, आणि तो जमिनीचा. गिऱ्हाइकानें प्लास्टिक घेतलें म्हणून डोंगरावरील तें एक झाड वांचत नाहीं. मागणी तुटली कीं पुढील रोपच लागत नाहीं. मग तो उतार दुसऱ्या पिकाकडे तरी जातो किंवा बंगल्यांच्या प्लॉटांत तरी. शिवाय हें पीक असें कीं भावाची खूण शेतकऱ्यास फार उशिरां कळते. या शतकाच्या आरंभीं ऑरेगनांत झाडें उदंड झालीं, भाव पडले, पुष्कळांनीं मळे मोडले. त्यावर २००८ सालची मंदी आली व नवीं रोपें कमी लागलीं. त्याचा परिणाम २०१६ व २०१७ सालीं दिसला : बाजारांत झाडें कमी पडलीं आणि भाव चढले. चढलेला भाव पाहून रोप लावावें, तर तें विकावयास पुढचें दशक उजाडतें. मध्यंतरीं जीं गिऱ्हाइकें चिडून प्लास्टिककडे गेलीं, तीं आठ-दहा वर्षें तरी परत येत नाहींत. आज अमेरिकेंत ज्या घरांत नाताळचें झाड असतें त्यांपैकीं बहुतेकांत तें कृत्रिमच असतें.

आमच्याकडे वसई, अहिल्यानगर, गोवा येथील ख्रिस्ती घरांत फरचें झाड येत नाहीं. रोपवाटिकेंत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जें कुंडींतलें झाड मिळतें तें ॲरोकेरिया होय. फरशीं त्याचें नातें लांबचें, व तें दक्षिण प्रशांत महासागरांतील बेटांवरून आलेलें. कुंडींत तें वर्षानुवर्षें जगतें, म्हणून ज्यांस घरीं हें झाड हवें त्यांस आम्ही तेंच सुचवूं. पण झेंडू व शेवंती लावणाऱ्या आमच्या बंधूंस वरील हकीकत वाचतांना दुसरेंच कांहीं आठवलें असेल. दसरा-दिवाळीस दारावर प्लास्टिकचें तोरण आलें, त्या वर्षीं झेंडूचा एक हार कमी खपला. आणि तेंच तोरण पुढील पांच वर्षें खुंटीवर राहिलें, तर पांच हार कमी खपले. झेंडूवाल्यास निदान तीन महिन्यांत पीक बदलतां येतें.

आमचें मत विचाराल तर, ज्या घरांत प्लास्टिकचें झाड आधींच आलें आहे त्यानें तें तुटेपर्यंत वापरावें. तें टाकून खरें आणण्यांत कांहीं पुण्य नाहीं. ज्यास नवें घ्यावयाचें आहे त्यानें जवळच्या मळ्यांतलें घ्यावें, आणि नाताळ झाल्यावर तें कोठें जातें याची चौकशी करावी. शहरांत राहणारास मळा जवळ नसेल तर त्यानें कृत्रिम घेण्यास हरकत नाहीं, मात्र बारा वर्षांची तयारी ठेवावी. दरवर्षीं नव्या रंगाचें प्लास्टिकचें झाड घेणारे लोकहि आहेत. त्यांच्याविषयीं न लिहिणेंच बरें.

मळेवाल्यास मात्र बारा वर्षांची तयारी ऐच्छिक नसते. २०२१ सालच्या जूनमध्यें ऑरेगनांत कधीं नव्हे अशी उष्णतेची लाट आली, आणि त्याच वर्षीं लावलेलीं कोंवळीं रोपें अनेक मळ्यांतून करपलीं. २०२४ सालच्या सप्टेंबरअखेर हेलीन नांवाचें वादळ नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांवर आलें. ॲश व ॲव्हरी या परगण्यांसह त्या सर्व मुलखांत अतिवृष्टि झाली, दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, कित्येक मळ्यांचे उतार झाडांसकट खालीं आले. २०२५ च्या वसंतांत ज्यांनीं त्या उतारांवर पुन्हा रोपें लावलीं, त्यांचीं झाडें लवकरांत लवकर २०३२ च्या नाताळास तोडणीस येतील. तोंपर्यंतचा सारा, मजुरी, व दर उन्हाळ्यांतील छाटणी हें सर्व त्यांनीं दुसऱ्या पिकांतून भागवावयाचें आहे.