मोटारीचें 'ॲव्हरेज' : पडद्यावरचें आणि पंपावरचें

नागपुराहून अमरावतीस जातांना वर्धा जिल्ह्यांतील तळेगांव (श्यामजी पंत) लागतें. या गांवाजवळच सत्याग्रही घाट आहे. मोटार घाट चढूं लागली कीं समोरच्या पडद्यावरील आंकडा भराभर खालीं येतो. लिटरला दहा, आठ, सात किलोमीटर. उतरण लागतांच तोच आंकडा पन्नासांवर, कित्येक गाड्यांत तर नव्याण्णवावर, जाऊन बसतो. इंजिन तेंच, पेट्रोल तेंच, हांकणाराहि तोच. मग यांतील खरा आंकडा कोणता?

दोन्ही खरे, पण त्या त्या क्षणापुरते. चढाला लिटरमागें १० आणि तितक्याच लांबीच्या उताराला ३० किलोमीटर पडले, तर सरासरी २० धरण्याचा मोह होतो. हिशेबानें ती १५ च येते, कारण पेट्रोलचा मोठा वांटा चढानेंच खाल्लेला असतो.

पडद्यामागें पेट्रोल मोजणारें माप बहुधा नसतेंच, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. इंजिनांत पेट्रोलचे फवारे सोडणारीं बारीक तोंडें असतात. तीं किती वेळ उघडीं राहिलीं, याची नोंद गाडींतील संगणक ठेवतो व तीवरून खर्चाचा अदमास करतो. अंतर तो चाकांच्या फेऱ्यांवरून काढतो. म्हणजे हा आंकडा दोन अनुमानांचा भागाकार होय. टायरची नक्षी ८ मिलिमीटरांवरून झिजून २ वर आली, कीं चाकाचा घेर सुमारें दोन टक्क्यांनीं घटतो. फेऱ्या वाढतात आणि न कापलेलें अंतर खात्यांत जमा होतें.

पडताळा घेण्याची रीत जुनीच आहे. पंपावरील नळी आपोआप बंद होईपर्यंत टांकी भरावी, किलोमीटर टिपून ठेवावे आणि पुढच्या खेपेस शक्य तों त्याच पंपावर तशीच भरावी. समजा, ६०० किलोमीटर झाले आणि पडद्यावर २० हा आंकडा आहे. मग ३० लिटर पेट्रोल पुरावयास हवें. टांकींत ३२ मावले, तर खरें ॲव्हरेज पावणेएकोणीस. मात्र एका खेपेवर निकाल देऊं नये. नळी थोडी आधीं किंवा उशिरां बंद झाली तरी लिटर-दीड लिटराचा फरक पडतो. चार खेपांची बेरीज करावी. जाहिरातींतील आंकड्याशीं मात्र ताडून पाहूं नये. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेंत गाडी रुळांवर जागच्या जागीं धांवते आणि धुरांतील कार्बनवरून पेट्रोलचा हिशेब होतो; तेथें ना घाट, ना टपावरचें सामान.

पडद्याचा खरा उपयोग त्याची त्याच्याशींच तुलना करण्यांत आहे. रोजच्या रस्त्यावर १८ दाखविणारी गाडी १५ दाखवूं लागली, तर प्रथम चाकांतील हवा तपासावी.

हा आंकडा वाढविण्याच्या हौसेनें कित्येकजण घाट उतरतांना गाडी न्यूट्रलमध्यें टाकतात. ही बचत तर नव्हेच, उलट जिवाशीं खेळ आहे. गाडी गीअरमध्यें ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, कीं आजच्या इंजिनांत फवारे साफ बंद होतात. चाकेंच इंजिन फिरवितात आणि तेंच गाडीला आवरतें. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालूं ठेवण्यास पेट्रोल जळतच राहतें, आणि साऱ्या गाडीचा भार एकट्या ब्रेकवर येतो. लांब उतरणीवर ते तापले, म्हणजे ऐन वळणावर धरीनासे होतात.