लक्ष्मीनारायण त्रिपाठी : नृत्य, अभिनय आणि हक्काची लढाई

धंतोलीत राहणाऱ्याला दवाखान्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. गल्लोगल्ली रुग्णालये, औषधांची दुकाने आणि फुटपाथवर डबा घेऊन बसलेले गावोगावचे नातेवाईक हे येथील रोजचे दृश्य आहे. अशाच एका रुग्णालयात काही वर्षांपूर्वी आम्ही तापाने फणफणलेल्या एका तृतीयपंथी व्यक्तीला घेऊन गेलो होतो. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज पुढे केला. त्यावर पुरुष आणि स्त्री असे दोनच चौकोन होते. मग प्रश्न निघाला की, हिला कोणत्या वॉर्डात ठेवायचे? उत्तर मिळेपर्यंत दोन तास गेले. ती बाकावर बसून होती. आम्ही घरच्यांबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, घर असतं तर मी सिग्नलवर कायले उभी रायली असती?"

तिचा हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधताना ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे जीवन आम्हाला फार बोलके वाटले. नृत्यांगना, दूरदर्शन संचावरील कलावंत आणि हक्कांसाठी लढणारी कार्यकर्ती म्हणून त्यांचे नाव देशभर माहीत आहे. परंतु त्या येथवर कशा पोहोचल्या, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि स्वतःची आंतरिक ओळख ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, त्यांना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. हिजडा समाज हा त्यांतील एक परंपरागत समाज असून तेथे गुरू-चेल्याची रीत आहे. हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकली. ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले.

आपल्या महाराष्ट्राने तर स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषाला डोक्यावर घेतले आहे. बालगंधर्वांच्या भूमिकांवर सारा मराठी मुलूख लुब्ध होता. आपल्या विदर्भातील खडी गंमतीत नाच्या नाचू लागला की गाव रात्रभर जागतो. मात्र रंगमंचावरचे सोंग उतरल्यावरही जी व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानते, तिला आपण दारात उभी करत नाही. सोंगाला टाळी आणि खऱ्याला शिवी, असा हा आपला न्याय आहे.

लक्ष्मी यांचा जन्म ठाण्यात एका उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणी दम्याचा त्रास होता, तरी नाचाची ओढ जबर होती. वागणे मुलीसारखे म्हणून चिडवणूक झाली, लैंगिक अत्याचारही सोसावे लागले. तरीही शिक्षण सुटले नाही. त्यांनी मुंबईच्या मिठीबाई महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि भरतनाट्यमचे रीतसर धडे गिरवले. केन घोष यांच्या नृत्यचित्रफितींतून त्या पुढे आल्या, नृत्यदिग्दर्शन करू लागल्या, मुलांना नाच शिकवू लागल्या. डान्सबारमध्येही त्यांनी काम केले. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा तेथील मुलींच्या पोटाचा प्रश्न घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी 'बिटविन द लाइन्स' या माहितीपटातून त्यांचे जीवन परदेशी प्रेक्षकांसमोर गेले. २०११ साली 'बिग बॉस'च्या पाचव्या पर्वात त्या दिसल्या आणि घरोघरच्या लोकांनी एका हिजड्याला स्वयंपाक करताना, भांडताना, रडताना, हसताना पाहिले. त्यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ साली आधी मराठीतच प्रसिद्ध झाले, ही आपल्या भाषेला अभिमानाची गोष्ट आहे.

कलेबरोबर कार्यही चालू होते. मुंबईच्या 'दाई वेलफेअर सोसायटी'चे काम त्यांनी पाहिले. एड्सची साथ या समाजात पसरत असताना तपासणी आणि औषधोपचार लोकांपर्यंत नेले. २००७ साली 'अस्तित्व' ही संस्था काढली. २००८ साली संयुक्त राष्ट्रसंघात आशिया-पॅसिफिक विभागाच्या वतीने त्या बोलल्या.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत लक्ष्मी यांनी हस्तक्षेप करून स्वतःची कहाणी न्यायालयापुढे मांडली. १५ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी निकाल दिला. संविधानातील समतेचे, स्वातंत्र्याचे आणि सन्मानाने जगण्याचे हक्क तृतीयपंथीयांनाही आहेत, असे त्यात स्पष्ट झाले. त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षणात व नोकरीत आरक्षण द्यावे, असाही आदेश होता. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ लोकांची नोंद झाली होती. कर्नाटकाने २०२१ साली राज्याच्या सेवेत १ टक्का आरक्षण दिले. आपल्या नागपुरातही २०१८ साली लोकअदालतीच्या पॅनेलवर विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्तीला स्थान मिळाले. ज्यांना न्यायालयाच्या पायरीवरही कोणी उभे करत नव्हते, त्या न्याय देणाऱ्यांच्या खुर्चीवर बसल्या.

लक्ष्मी यांच्या सर्वच भूमिका आम्हाला पटतात असे नाही. २०१५ नंतर त्यांनी किन्नर आखाड्याची वाट धरली. त्यावर आणि त्यांच्या काही राजकीय विधानांवर तृतीयपंथी चळवळीतूनच टीका झाली. मतभेद असावेत. पण त्यामुळे आधीचे काम पुसले जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लक्ष्मी यांच्यात गुण होते, जिद्द होती, हे खरे. परंतु असे गुण सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्या अनेकींत असतील. फरक कुठे पडला? लक्ष्मी हिजडा समाजात गेल्या तेव्हा घरी दुःख झाले, रडारड झाली, पण आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढले नाही. घर राहिले म्हणून शाळा राहिली, शाळा राहिली म्हणून कला हाती आली, कला हाती आली म्हणून सन्मानाची भाकरी मिळाली. बहुतेकींच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. घर सुटते, मग शाळा सुटते, आणि मागणे किंवा देह विकणे एवढेच उरते. नंतर आपणच म्हणतो की, हे लोक काम का करत नाहीत!

कायदा न्यायालयात होतो, पण घराचे दार आपल्याच हातात असते. आपल्या वस्तीत, नात्यात असे मूल असेल तर त्याला मारझोड करू नये, बाबाबुवांकडे नेऊ नये, त्याची शाळा तोडू नये. शिक्षकांनी वर्गातील चिडवणूक थांबवावी. ज्यांचे दवाखाने, दुकाने, कार्यालये आहेत त्यांनी एकाला तरी काम द्यावे. आणि आम्ही स्वतःपासून सुरुवात करतो. आमच्या मोफत आरोग्य तपासणी शिबिराच्या नोंदणी-अर्जावरही आजवर दोनच चौकोन छापले जात होते. यापुढील अर्जावर तिसरा चौकोन असेल, आणि त्या बाकावर दोन तास बसलेल्या आमच्या त्या भगिनीला शिबिराचे पहिले निमंत्रण आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत.