साताऱ्याची लाट आणि लशीची वाट : २०२०–२२ चा मागोवा

महाराष्ट्रातील कोविडचा इतिहास बहुधा राज्याच्या एकाच आलेखावरून सांगितला जातो. सप्टेंबर २०२० मधील पहिले शिखर, १८ एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात नोंदले गेलेले ६८,६३१ नवे रुग्ण आणि त्यानंतरची उतरण, असा त्याचा क्रम असतो. मात्र हा आलेख अनेक जिल्ह्यांच्या वेगवेगळ्या चढउतारांची बेरीज आहे. मुंबईची दुसरी लाट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच शिखरावर पोहोचून ओसरू लागली, तर रहिमतपूर, कोरेगाव, कराड यांचा सातारा जिल्हा आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्हा यांना मे महिना सर्वांत जड गेला आणि पावसाळा सुरू झाला तरी तेथील साथ आटोक्यात आली नाही. लशीचे वाटप आणि तिचे नियम मात्र या उशिराची दखल न घेता ठरत गेले.

पहिल्या वर्षाबद्दल थोडक्यात सांगता येईल. मार्च २०२० मध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या इस्लामपूरच्या एका कुटुंबात सुरू झालेला संसर्ग संपर्कशोध आणि सक्तीच्या विलगीकरणाने पंचवीस रुग्णांच्या आसपास रोखला गेला, आणि त्याची राज्यभर वाखाणणी झाली. पुढे मे महिन्यात मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावाकडे परतू लागले तशी शाळाशाळांतून विलगीकरण कक्ष उघडावे लागले, आणि संसर्ग ग्रामीण भागात शिरला. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशा सेविकांनी घरोघर ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तपासले, तर साताऱ्यात जम्बो कोविड रुग्णालय उभे राहीपर्यंत ऑक्टोबर उजाडला. तोवर पहिली लाट उताराला लागली होती.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोवॅक्सिन अशा दोन लशी उपलब्ध होत्या. आधी आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे व सहव्याधी असलेले पंचेचाळिशीपुढचे, आणि १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सर्वजण, अशी पात्रता रुंदावत गेली. पुरवठा त्या प्रमाणात रुंदावला नाही. ७ एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्याची आठवड्याची गरज ४० लाख मात्रांची असताना हाती १४ लाख, म्हणजे जेमतेम तीन दिवस पुरेल एवढाच साठा असल्याचे सांगितले. केंद्रीय आरोग्यमंत्री हर्ष वर्धन यांनी टंचाईचा दावा निराधार ठरवला. दुसऱ्याच दिवशी सातारा जिल्ह्यातील लसीकरण साठा संपल्याने थांबले. या वादात कोणाची आकडेवारी बरोबर होती, यापेक्षा केंद्रावरून हात हलवत परतणाऱ्या वृद्धांना त्या आकडेवारीचा काहीच उपयोग नव्हता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची मानावी लागते.

टंचाईचा फटका गावाला अधिक का बसतो, हे लशीच्या बाटलीवरूनही कळते. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा मात्रा असत आणि बाटली उघडल्यावर चार तासांत त्या संपवाव्या लागत, म्हणून लस वाया जाऊ नये यासाठी दहा माणसे जमेपर्यंत बाटली न उघडणे केंद्रांना भाग पडे. शहरात दहा माणसे काही मिनिटांत जमत. वाडीवस्तीवरच्या उपकेंद्रात, म्हणजे साधारण पाच हजार लोकवस्तीसाठी असलेल्या सर्वांत खालच्या आरोग्य केंद्रात, हीच अट अडसर ठरे. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी ‘कोविन’ संकेतस्थळावर वेळ राखून ठेवणे सक्तीचे झाले, तेव्हा चांगले इंटरनेट असलेल्या शहरी तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरच्या जागाही पटकावल्या, अशी तक्रार राज्यात ठिकठिकाणी झाली. या गटाच्या मोफत लसीकरणासाठी राज्याने साडेसहा हजार कोटी रुपयांच्या खर्चाची तयारी जाहीर केली होती. पण विकत घ्यायला लसच नव्हती, आणि १२ मे रोजी ही मोहीम स्थगित करून हाती असलेला साठा पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवावा लागला. दुसऱ्याच दिवशी कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. त्यामागे ब्रिटनमधील अनुभवाचा आधार सांगितला गेला, आणि तो खोटा नव्हता. तरी दुसऱ्या मात्रेची रांग त्यामुळे आपोआप छोटी झाली, हेही नोंदवायला हवे.

नेमक्या याच आठवड्यांत साताऱ्यातील साथ भरात होती. २५ मे रोजी राज्याने अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण, म्हणजे लक्षणे सौम्य असलेल्या रुग्णाला घरीच ठेवण्याची सवलत, बंद केली. त्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. दोन-तीन खोल्यांच्या घरात एकत्र राहणाऱ्या कुटुंबात ही सवलत मुळातच कागदावरची होती, त्यामुळे निर्णय योग्य आणि बराच उशिराचा म्हणावा लागतो. जूनमध्ये निर्बंध शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरले. बाधित दर, म्हणजे शंभर चाचण्यांमागे सापडणारे रुग्ण, आणि ऑक्सिजन खाटांचा वापर हे दोन त्यांचे निकष होते. मुंबईतील व्यवहार सुरळीत होत असताना सातारा चौथ्या स्तरात, म्हणजे कडक निर्बंधांत अडकला. जुलैच्या अखेरीस कृष्णा-कोयनेच्या पुराने आणि पाटण तालुक्यातील दरडींनी हजारो लोकांना निवारा केंद्रांत एकत्र आणले. २ ऑगस्टच्या आदेशाने बहुतेक राज्याला मोकळीक मिळाली तेव्हा निर्बंध कायम राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत सातारा आणि सांगली होतेच.

२१ जूनपासून राज्यांच्या वाट्याची खरेदी केंद्राने आपल्याकडे घेतली, उत्पादन वाढले आणि पुरवठा हळूहळू सुधारला. ऑक्टोबरमध्ये ‘मिशन कवच कुंडल’ मोहिमेत राज्याने दिवसाला पंधरा लाख मात्रांचे लक्ष्य ठेवले, तेव्हा अडचण उलटी झाली होती. लस होती आणि माणसे शोधावी लागत होती. वयोगटांच्या एकाच देशव्यापी वेळापत्रकाऐवजी जेथे साथ चढती आहे त्या जिल्ह्यांना एप्रिल-मे महिन्यांत झुकते माप देणारी व्यवस्था असती, तर त्याच तुटपुंज्या साठ्याचा अधिक उपयोग झाला असता, असा निष्कर्ष या दोन वर्षांच्या नोंदींतून काढता येतो. निर्बंध संपूर्णपणे उठले ते एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला, गुढीपाडव्याच्या सुमारास.