फुले सारखी, हात वेगळे

फूलवाल्याकडे आपण भाव करतो तो फुलांचा. गुलाब डझनाला कसे, झेंडू किलोला कसा, हे घरातल्या गृहिणीला तोंडपाठ असते. पण ती फुले गुंफणाऱ्या हाताचा भाव काय, हे कोणी विचारीत नाही. मला वाटते, फुलांचा धंदा करणाऱ्यांच्या स्पर्धा भरायला हव्यात त्या याचसाठी.

आता तुम्ही म्हणाल, रोज दुकान चालवणाऱ्याला स्पर्धा हवी कशाला? दिवस मोडतो, पदरचे पैसे जातात, हे खरेच. पण इंटरफ्लोरा या पुष्पविक्रेत्यांच्या संस्थेच्या विश्वचषकाची रीत पाहा. काही रचना स्पर्धक आधी योजून येतात. काहींचे साहित्य मात्र आयत्या वेळी हाती पडते. फुले सर्वांना सारखी, घड्याळही सारखे. मग उरतो तो फक्त हात! २०१९ साली फिलाडेल्फियात ऑस्ट्रेलियाच्या बार्ट हॅसम यांनी हा चषक जिंकला, तर २०२३ साली मँचेस्टरला जर्मनीच्या निकोलाउस पीटर्स यांनी.

जाणकार परीक्षक नुसती शोभा पाहत नाही. साधा गुच्छच घ्या. सगळे देठ एकाच दिशेने तिरपे फिरवीत बांधले, तर गुच्छ आपल्या देठांवर उभा राहतो. बांधणीखाली पाने राहिली, तर ती पाण्यात कुजतात आणि फुले लौकर माना टाकतात. गिऱ्हाईक हे दोष सांगत नाही. पुढच्या खेपेस ते मुकाट्याने दुसरीकडे जाते. परीक्षक सांगतो. मग दुकानातला रोजचा गुच्छही सुधारतो. चषक एकालाच मिळतो, हा नफा मात्र सर्वांचा.

२०२४ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरी वर्ल्डस्किल्स स्पर्धा भरली. तिथे तरुण पुष्परचनाकार गवंडी, सुतार, वेल्डर यांच्या मांडीला मांडी लावून बसले. ही नुसती हौस नव्हे, कसब आहे, असाच त्याचा अर्थ.

असे कसब आपल्याकडे थोडे का आहे? दादरच्या फूलबाजारात सुईवाचून गजरा गुंफणारी बोटे मी उभी राहून पाहते. कळी दुखावत नाही, दोरा दिसत नाही, गाठ सुटत नाही. तरी मोल ठरते ते लांबीवर! या बोटांसाठीही एखादी स्पर्धा का भरू नये?

तोवर एवढे करा. यंदा दारचे तोरण घेताना झेंडूचा भाव खुशाल करा. ओवण्याच्या मजुरीत मात्र घासाघीस नको.