गॅलेनाचे वय उणे कसे येते?

गॅलेनाचा खडा हातात घेतला की आकारापेक्षा वजनच आधी जाणवते. पाण्याच्या साडेसातपट जड. फोडला तर चौकोनी तुकडे पडतात, बोटांना करडी भुकटी लागते. पारंपरिक सुरमा याचाच. शिसे आणि गंधकाच्या या खनिजाचे वय त्यातल्या शिशावरूनच काढतात.

गैरसमज: कार्बनवरून खनिजाचेही वय कळते.

वस्तुस्थिती: कार्बन-१४ सजीवांच्या अवशेषांसाठी, तोही पन्नासेक हजार वर्षांपर्यंतच. खाणींचा हिशेब कोटींत चालतो.

गैरसमज: गॅलेनातले शिसे किरणोत्सर्गाने घटत जाते, ती घट मोजतात.

वस्तुस्थिती: शिशाची २०४, २०६, २०७ आणि २०८ ही चारही नैसर्गिक समस्थानिके स्थिर आहेत. खडकांतल्या युरेनियमपासून २०६ व २०७ आणि थोरियमपासून २०८ तयार होत राहते. २०४ मात्र पृथ्वीच्या जन्मापासून आहे तेवढेच. गॅलेनात युरेनियम जवळजवळ नसतेच. त्यामुळे शिसे एकदा त्यात अडकले की त्या दिवसाचे प्रमाण तसेच राहते. जुन्या गॅलेनात २०४ च्या तुलनेत २०६ कमी, नव्यात जास्त. आल्फ्रेड निअर यांनी मोजलेल्या अशाच प्रमाणांवरून आर्थर होम्स यांनी १९४६ मध्ये पृथ्वीच्या वयाचे गणित मांडले होते.

गैरसमज: प्रमाण अचूक मोजले की वय ठरले.

वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जॉपलिनच्या खाणी होत्या. तिथल्या गॅलेनाचे गणित केले तर वय उणे येते, म्हणजे खनिज अजून तयारच व्हायचे आहे! मोजणी बरोबर असते, चुकते ते गृहीतक. शिसे सगळीकडे सारख्याच गतीने बदलत आले, असे आपण धरलेले असते. जॉपलिनच्या साठ्यात मात्र जमिनीखालून वाहणाऱ्या खारट, गरम पाण्याने वाटेतल्या खडकांतले युरेनियमजन्य शिसेही गोळा करून आणले. २०६ वाढले आणि गॅलेना कागदावर तरुण झाले. अशा शिशाला आजही जॉपलिनच्या आद्याक्षरावरून ‘जे-प्रकार’ म्हणतात. म्हणूनच या पद्धतीच्या आकड्याला ‘प्रतिमान वय’ म्हणावे. ज्या अहवालात नुसते ‘वय’ छापलेले असते, तो मला अपुरा वाटतो.

गैरसमज: मग ही पद्धत टाकाऊच.

वस्तुस्थिती: राजस्थानातल्या रामपुरा-आगुचाच्या शिशाचे प्रतिमान वय सुमारे १८० कोटी वर्षे येते. असल्या मोठ्या, थरांत साचलेल्या साठ्यांत शिसे चांगले मिसळलेले असते, तिथे आकड्यावर भरवसा ठेवता येतो. जॉपलिनसारख्या ठिकाणी वयासाठी दुसरी पद्धत शोधावी लागते. पण शिसे कुठल्या खडकांतून आले, याचा माग तिथेही हीच प्रमाणे देतात.